काका, तुम्ही तो पासपोर्ट हातात घेतला नाहीत

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. इथे कतारमध्ये, दोह्यातल्या कंपन्यांमध्ये तुम्हाला अजून कितीतरी पोरांची कामं घेऊन जायचं असतं, आणि माझ्या पत्रामुळे कुठे तुमची अडवणूक व्हायला नको. कंपनीचंही नाव टाळतो, माझ्या खोलीतले लोक अजून तिथेच कामाला आहेत. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. फोनवर मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून ड्यूटीचं, तब्येतीचं विचारायला लागता.

विमानतळावरून बस थेट कॅम्पात आली, तेव्हा कंपनीच्या माणसाने नावं पुकारून एकेकाचा पासपोर्ट घेतला आणि एका खोक्यात टाकला. मेडिकल, बोटांचे ठसे, क्यूआयडी म्हणजे इथलं रहिवासी ओळखपत्र, या सगळ्याला पासपोर्ट लागतो म्हणाले. ते खरंही होतं. नंतर एका कागदावर रांगेने सह्या घेतल्या. कागद कसला ते वाचायला कोणी वेळ दिला नाही. क्यूआयडी हातात आलं, पासपोर्ट आला नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "व्हिसाचं काम चालू आहे." पुढच्या वर्षी "रिन्युअलला गेलाय." त्याच्या पुढे तर "लॉकरमध्ये सेफ आहे, तुला कशाला पाहिजे?"

मला पाहिजे होता, कारण त्याची मुदत संपत आली होती. मोबाइलमधल्या फोटोत तारीख दिसत होती. नवा काढायला जुना लागतो आणि जुना लॉकरमध्ये. पासपोर्ट संपला की पुढे क्यूआयडी अडकणार, आणि क्यूआयडी अडकलेल्या माणसाला इथे रस्त्यावर पोलीस दिसला तरी पोटात गोळा येतो. ती धास्ती मनात ठेवून मी डक्टच्या आत, छताला चिकटून वायरिंग ओढत होतो.

तुमच्याआधी मी ज्यांच्या ज्यांच्या दारात गेलो, त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. ज्या एजंटने पाठवलं त्याने "तिकडचं तिकडे बघ" म्हणून फोन ठेवला. निघण्याआधी महिनोन् महिने पासपोर्ट स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवणारा हाच. सुपरवायझर आपल्याच भाषेचा, त्याने समजावलं की पगार वेळेवर होतोय, मारहाण नाही, जेवण मिळतंय, मग उगाच कशाला अंगावर ओढवून घेतोस. एका मंडळाचे पदाधिकारी होते. त्यांनी माझी सगळी कागदपत्रं "ठेवून जा, बघतो" म्हणून घेतली. माझ्या करारपत्राची प्रत अजून त्यांच्याकडेच आहे. नंतर फोन उचलला नाही. पण कार्यक्रमात कामगारांना ब्लँकेटं वाटतानाचा त्यांचा फोटो मात्र मोबाइलवर आला. मला त्यांचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. त्यांनी नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, निदान मी दुसरीकडे गेलो असतो.

मग एका शुक्रवारी, तुम्ही आमच्यासारख्यांच्या मदतीला टेबल लावून बसता तिथे, तुमच्यासमोर येऊन बसलो. सवयीने प्लास्टिकची फाइल तुमच्याकडे सरकवली. इथे आल्यापासून कोणाहीसमोर बसलं की पहिलं काम तेच, कागद पुढे करायचे. तुम्ही चष्मा नाकावर घेतलात आणि म्हणालात, "तुमच्याकडेच राहू द्या. तुम्ही पानं उलटा, मी वाचतो." मी पानं उलटत होतो आणि तुम्ही मान वाकडी करून माझ्या हातातलं वाचत होतात. झेरॉक्स काढायची वेळ आली तेव्हा मला मशिनपाशी नेलंत, कागद मलाच ठेवायला लावलात, मलाच उचलायला लावलात. आणि सगळं बोलणं अहो-जाहोने. तुमच्या मुलाच्या वयाचा असेन मी.

त्या दिवशी तुम्ही जे सांगितलंत ते मी नंतर खोलीत सगळ्यांना सांगितलं, इथेही लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. कतारच्या 2015 सालच्या 21 क्रमांकाच्या कायद्यात आठव्या कलमात लिहिलंय की रेसिडन्सीचं, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं, किंवा तिच्या नूतनीकरणाचं काम झालं की मालकाने पासपोर्ट कामगाराला परत द्यायचा. नाही दिला तर 25,000 रियालपर्यंत दंड. कामगाराने स्वतः लेखी विनंती केली तरच मालकाने ठेवायचा, आणि तोही मागताक्षणी द्यायचा. रांगेत आमच्या सह्या घेतलेला कागद कसला होता ते तेव्हा कळलं. आमचीच "विनंती" होती ती. तुम्ही शांतपणे म्हणालात, "असू द्या. विनंती तुमची होती ना, मग आता परत मागतो अशी दुसरी लिहा." दोन ओळींचा अर्ज. तोही माझ्याच हाताने लिहून घेतलात.

"व्हिसाचं काम चालू आहे" ही सबब तर तुम्ही एका वाक्यात निकालात काढलीत. 2015 पासून इथे रेसिडन्सीचं स्टिकर पासपोर्टात लावतच नाहीत, क्यूआयडी कार्ड हाच पुरावा. मग इतकी वर्षं कसलं काम चाललं होतं?

आणि आपल्या पासपोर्टाच्या आतल्या सूचना. मी त्या कधी वाचल्या नव्हत्या, कोण वाचतं? तुम्हाला पाठ होत्या. हा पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, तो ज्याच्या नावाचा त्याच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाच्या ताब्यातच असावा. 1967 च्या आपल्या पासपोर्ट कायद्यातही मालकी सरकारची म्हटलीय. म्हणजे कंपनीने लॉकरमध्ये कोंडून ठेवलेली वस्तू कंपनीची असण्याचा प्रश्नच नव्हता.

सुपरवायझरचं ते "पगार मिळतोय ना" मी तुम्हाला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तुमचा आवाज चढला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीची मजुरी ओळखण्याच्या 11 खुणा दिल्या आहेत, त्यात ओळखपत्रं काढून घेणं ही वेगळी खूण आहे, मारहाण वेगळी आणि पगार अडवणं वेगळी, असं तुम्ही म्हणालात. एक नाही म्हणून दुसरी माफ होत नाही. मला त्या दिवशी हायसं वाटलं. मी कांगावा करत नव्हतो, हे कोणीतरी मोठ्या माणसाने मला सांगायला हवं होतं.

आता खरं सांगायचं ते. अर्ज दिला, त्याची पोच घेतली, मध्ये जे काय झालं ते झालं, त्यात शिरत नाही. शेवटी तुम्ही माझ्याबरोबर कंपनीच्या ऑफिसात आलात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. माझ्याशी नजर न मिळवणारा तो अधिकारी तुम्हाला बघून उठून उभा राहिला. आत जाऊन खाकी पाकीट घेऊन आला. मी टेबलाजवळ उभा होतो आणि तुम्ही माझ्या मागे. त्याने माझ्या खांद्यावरून हात लांबवून पाकीट तुमच्यापुढे धरलं.

तुम्ही दोन्ही हात पाठीमागे बांधलेत.

"ज्यांचा आहे त्यांना द्या," एवढंच म्हणालात. त्याला वाटलं तुम्हाला ऐकू आलं नाही, त्याने पुन्हा तुमच्याचपुढे धरलं. तुम्ही हललाही नाहीत. शेवटी त्याचा हात वळला आणि पाकीट माझ्या हातात आलं. तो लगेच रजिस्टरवर सही मागायला लागला तर तुम्ही मला म्हणालात, "आधी उघडा. फोटोचं पान बघा, सगळी पानं बघा, सावकाश. मग सही." मी एकेक पान बघत होतो, तो घड्याळाकडे बघत होता, आणि तुम्ही तसेच हात मागे बांधून उभे होतात. तुम्हाला घाई नव्हती.

काका, तुम्ही ते पाकीट घेतलं असतं आणि खाली उतरून मला दिलं असतं, तरी मी तुमचा जन्मभर ऋणीच राहिलो असतो. पण मग तो पासपोर्ट मला आणखी एका मोठ्या माणसाच्या हातून मिळाला असता. एजंट, मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस, ऑफिस, मंडळ, सगळ्यांनी आधी माझे कागद आपल्या हातात घेतले. माझ्याकडे बघून एकानेही असं वागवलं नाही की हा माणूस स्वतःची वस्तू स्वतः धरू शकतो. तुम्ही कायदा सांगितलात, वेळ दिलात, भाड्याचे पैसेही घेतले नाहीत, पण माझ्या मनात राहिलेत ते तुमचे ते पाठीमागे बांधलेले हात.

तेव्हापासून मी माणसं वेगळी बघायला लागलोय. सज्जन माणसं आहेत, खूप आहेत, पण ती आवाज करत नाहीत. मेडिकलच्या रांगेत म्हाताऱ्या क्लीनरला नाव घेऊन हाक मारणारी नर्स, कॅम्पात प्रत्येकाला कुलपाचं कपाट देऊन किल्ली त्याच्याच हातात ठेवणारा एखादा मालक, अरबीतला कागद सही करायच्या आधी पूर्ण वाचून दाखवणारा टायपिंगवाला. त्यातल्या एकालाही कधी सत्काराला बोलावलेलं मी पाहिलं नाही. 2022 च्या इथल्या फुटबॉल वर्ल्डकपच्या निमित्ताने जगभरचे पत्रकार आमच्याबद्दल लिहीत होते, ते बरंच झालं, त्याने कायदे हलले. पण कॅमेरे गेल्यानंतरही शुक्रवारी टेबल लावून बसणारी माणसं लागतात, कारण लॉकर अजून आहेत.

नवा पासपोर्ट आला. जुना, कोपरा कापलेला, त्याच्याबरोबरच परत मिळाला. दोन्ही माझ्याच कपाटात आहेत.

येत्या शुक्रवारी माझ्या खोलीतले दोघे घेऊन येतोय. एक नेपाळचा आहे, त्याच्याशी हिंदीत बोलावं लागेल. अर्ज दोघांनी आपापल्या हाताने लिहिलेत. फायली घेऊन आत येतील तेव्हा टेबलावर पुढे सरकवू नका असं मी त्यांना सांगून ठेवलंय. त्यांच्या कंपनीचा मंदूब अजून तोच, माझ्या वेळचाच आहे, तेव्हा तिकडे जायची वेळ आली तर तुम्ही बरोबर याल का, तेवढं कळवा. मी सुट्टी टाकून ठेवतो.

तुमचा,
दोह्यातला एक इलेक्ट्रिशियन