‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्याआधी लोड बॅलन्सर तपासा

संपादक महोदय,

दहावी-बारावीचा निकाल असो, प्रवेश अर्जाची शेवटची तारीख असो की सातबारा काढायचा असो, संकेतस्थळ कोलमडले की ‘सर्व्हर डाऊन’ एवढीच बातमी येते आणि ‘क्षमता वाढवू’ एवढेच उत्तर मिळते. प्रत्यक्षात मागचे काही सर्व्हर अशा वेळी रिकामे बसलेले असू शकतात. आलेली विनंती कोणत्या सर्व्हरकडे धाडायची हे ठरवणाऱ्या लोड बॅलन्सरचे सेटिंग चुकले असेल, तर दहाचे वीस सर्व्हर करूनही पुढच्या वर्षी तेच होणार. म्हणून हे पत्र.

पहिली खूण पडद्यावरच्या आकड्यात मिळते. ५०३ म्हणजे बॅलन्सरच्या मते काम देण्याजोगा सर्व्हरच उरलेला नाही, किंवा रांगेतली मुदत संपली. ५०४ म्हणजे विनंती पोहोचली, पण उत्तर वेळेत आले नाही. ५०२ म्हणजे सर्व्हरने जोडणी मध्येच तोडली किंवा धड उत्तर दिले नाही. एनजिनएक्स हे बॅलन्सर सॉफ्टवेअर मात्र सगळे सर्व्हर बाद झाले तरी ५०२च दाखवते, तिथे एरर लॉग (चुकांची नोंद) उघडावाच लागतो. एचएप्रॉक्सी या दुसऱ्या बॅलन्सर सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये जोडणी कशी संपली हे सांगणारी अक्षरे असतात, त्यांतली पहिली दोन पाहावीत. पहिले ‘एस’ लहान लिपीत आणि पुढचे ‘एच’ मोठ्या लिपीत असेल तर सर्व्हरची वाट पाहून मुदत संपली. दोन्ही मोठ्या लिपीत असतील तर सर्व्हरनेच हेडर (उत्तराची सुरुवातीची माहिती) पूर्ण पाठवण्याआधी जोडणी सोडली. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे लॉग न पाहता सर्व्हर रीस्टार्ट करत सुटणे म्हणजे पुरावा पुसणे.

आपल्याकडे सर्वाधिक छळणारी चूक सेशन (लॉगिनची नोंद) टिकवण्याच्या पद्धतीत होते. लॉगिन केलेल्या अर्जदाराचे सेशन एका सर्व्हरच्या मेमरीत असते, म्हणून त्याच्या पुढच्या विनंत्याही तिथेच जायला हव्यात. सोपा मार्ग म्हणून पाठवणाऱ्याच्या आयपी पत्त्यावरून सर्व्हर ठरवला जातो. कार्यालयातल्या चाचणीत हे बिनबोभाट चालते. पण मोबाइल डेटावरचे कितीतरी ग्राहक कंपनीच्या नॅटमागून (अनेकांना एकच पत्ता वाटून देणारी व्यवस्था) एकाच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याने बाहेर पडतात. ते सगळे एकाच सर्व्हरवर आदळतात. तो गुदमरतो आणि शेजारचा निवांत असतो. याची उलट बाजूही आहे. ओटीपीची वाट पाहताना फोन वायफायवरून डेटावर गेला की पत्ता बदलतो, विनंती दुसऱ्याच सर्व्हरकडे जाते आणि ओटीपी बरोबर टाकूनही ‘सेशन एक्स्पायर्ड’ येते. मुलगा पुन्हा लॉगिन करतो, पुन्हा ओटीपी मागवतो, भार आणखी वाढतो. यावर खरा उपाय म्हणजे सेशन रेडिससारख्या (मेमरीतला डेटासाठा) सामाईक जागी ठेवणे. तोवर आयपीऐवजी बॅलन्सरनेच घातलेल्या कुकीवर (ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण) सर्व्हर ठरवावा. त्यासाठी टीएलएस (जोडणीचे कूटबंधन) बॅलन्सरवर उलगडावे लागते. ‘एका आयपीला मिनिटाला इतक्याच विनंत्या’ अशी मर्यादा घालणाऱ्यांनीही हाच नॅट ध्यानात घ्यावा, नाहीतर हल्लेखोर म्हणून विद्यार्थ्यांनाच दाराबाहेर ठेवले जाते.

दुसरी जागा हेल्थ चेकची, म्हणजे सर्व्हर ठीक आहे का हे बॅलन्सरने तपासण्याची. एचएप्रॉक्सीत फक्त ‘चेक’ लिहिले तर दर २ सेकंदांनी पोर्ट (जोडणीचे क्रमांकित दार) उघडे आहे का एवढेच पाहिले जाते. सलग ३ वेळा चुकले की सर्व्हर बाद, सलग २ वेळा जमले की परत आत. पोर्ट उघडे असून अ‍ॅप्लिकेशन गोठलेले असू शकते. काही अ‍ॅप्लिकेशन तर ‘तांत्रिक अडचण’ असे पान २०० या यशाच्या आकड्यानिशी पाठवतात, म्हणून पानातला ठरावीक मजकूर तपासणारा चेक लावावा. मात्र त्या पानातून डेटाबेसला जड क्वेरी टाकू नये. डेटाबेस जरा मंदावला की सगळे सर्व्हर एकाच वेळी आजारी ठरतात आणि लोकांना ५०३ दिसतो.

गर्दीच्या दिवशी पडझड होते ती अशी: एक सर्व्हर भाराने मंदावतो, हेल्थ चेकला उत्तर देऊ शकत नाही, बाद होतो. त्याचा भार उरलेल्यांवर पडतो आणि तेही एकेक करून पडतात. यावर प्रत्येक सर्व्हरच्या ओळीत ‘मॅक्सकॉन’ (एका वेळच्या जोडण्यांची कमाल मर्यादा) लिहिणे हा साधा, बिनखर्चाचा उपाय आहे. एक सर्व्हर एका वेळी २०० विनंत्या नीट हाताळतो असे चाचणीत दिसले, तर तिथे २०० लिहावे. वरच्या विनंत्या बॅलन्सरच्या रांगेत थांबतील, सर्व्हर जिवंत राहील. रांगेची मुदतही स्पष्ट द्यावी. परतलेल्या सर्व्हरला ‘स्लोस्टार्ट’ (भार हळूहळू वाढवणे) ३० सेकंद द्यावा. ‘लीस्टकॉन’ (सर्वांत कमी जोडण्या असलेल्याला काम देणे) पद्धतीत तो रिकामा दिसतो, म्हणून सगळी नवी गर्दी त्याच्यावरच लोटली जाते.

मुदतींचा ताळमेळही पाहावा. बॅलन्सर मागची रिकामी जोडणी ६० सेकंद वापरात ठेवतो आणि अपाची या वेब सर्व्हरचा कीपअलाइव्ह टाइमआउट (रिकामी जोडणी उघडी ठेवण्याची मुदत) मुळातल्या ५ सेकंदांवरच असतो, अशा ठिकाणी अधूनमधून, कारण न सापडणारा ५०२ येतो. सर्व्हरची ही मुदत बॅलन्सरपेक्षा जास्त हवी. मागची जोडणी पुन्हा वापरणेच बंद असेल तर पोर्ट संपतात. लिनक्समध्ये मुळात ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८,२३२ पोर्ट बाहेरच्या जोडण्यांसाठी असतात. जोडणी बॅलन्सरने आधी बंद केली तर ते पोर्ट ६० सेकंद ‘टाइम-वेट’मध्ये अडकते. म्हणजे एका पत्त्यावरून एका सर्व्हरच्या एका पोर्टकडे सेकंदाला साधारण ४७० नव्या जोडण्या, त्यापुढे अडथळा. त्या वेळी सीपीयूचा आलेख मात्र शांत असतो, म्हणून शोध भलतीकडेच चालतो.

निविदेत सर्व्हरची संख्या आणि मेमरी बारकाईने लिहिली जाते. त्याच बारकाईने सेशनची पद्धत, मॅक्सकॉन, हेल्थ चेकचे पान आणि भारचाचणीचा अहवालही मागवावा. ती चाचणी अनेक आयपी पत्त्यांवरून व्हावी. एकाच संगणकावरून केलेली चाचणी सर्व्हरमधली भाराची खरी वाटणी दाखवत नाही. बॅलन्सर जोडीने असतात, तेव्हा चालू असलेल्याची वीज काढून राखीव खरोखर उभा राहतो का हे निकालाच्या आठवडाभर आधी पाहावे. दोघांमधला व्हीआरआरपीचा, म्हणजे मुख्य कोण हे ठरवणाऱ्या पद्धतीचा, संदेश (मल्टिकास्ट पत्ता २२४.०.०.१८) फायरवॉलने अडवला तर दोघेही स्वतःला मुख्य समजतात. राखीव यंत्रावरचे टीएलएस प्रमाणपत्रही त्याच वेळी तपासावे. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२६पासून २०० दिवस आणि १५ मार्च २०२९पासून ४७ दिवस ठरली आहे. मुख्य यंत्रावर बदलले आणि राखीववर राहिले, असे घडण्याची शक्यता आता वाढतच जाणार आहे.

— एक नेटवर्क अभियंता, पुणे