फळ्या कुंपणापलीकडेही टाकल्यात, त्याबद्दल

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, आणि काका म्हणायची परवानगीही मी घेतलेली नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ अजून रेटत नाही, मिसिसिपीत संसार करूनही. याचं इंग्रजी तुमच्या घरी येऊन वाचून दाखवीनच. आधी मराठीत लिहितेय ते साताऱ्याच्या माझ्या माहेरच्यांना तुमच्याबद्दल कळावं म्हणून.

सासूबाईंना एवढंच हवं होतं की पणजोबांच्या घरातली माणसं कुठे पुरलीत ते डोळ्यांनी बघावं. हॉली स्प्रिंग्जमधलं ते दुकानदाराचं घर १८७८ च्या पीतज्वरात जवळजवळ बसलंच. गाव उंचावर, हवा चांगली, साथ इथे चढणार नाही अशी गावाची खात्री. म्हणून ग्रेनाडा या मिसिसिपीतल्याच गावाहून पळून आलेल्यांना त्यांनी आसरा दिला. चांगुलपणाच केला, पण हा ताप डास पसरवतात हे सिद्ध व्हायला १९०० साल उजाडायचं होतं. कोर्टाच्या इमारतीत खाटा पडल्या, तीनशेच्या वर माणसं गेली, सेवा करणाऱ्या सहा ननसुद्धा गेल्या. लिंचिंगविरुद्ध, म्हणजे काळ्या माणसांना जमावाने ठार मारण्याविरुद्ध, पुढे आयुष्यभर लिहीत राहिलेल्या काळ्या पत्रकार आयडा बी. वेल्सचे आईवडील आणि धाकटा भाऊ याच गावात, याच साथीत गेले. ती तेव्हा सोळा वर्षांची होती. सासूबाईंचे आजोबा आठ वर्षांचे होते, ते वाचले. म्हणून सासूबाई, आणि म्हणून माझा नवरा.

तुमच्याआधी भेटलेल्यांबद्दल बोलू नये, पण बोलणार आहे. एका कार्यालयातल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, मृत्यूच्या नोंदी १९१२ पासूनच्या, त्याआधीचं विचारू नका. माहिती खरी होती. पण व्हीलचेअरवरच्या म्हातारीला निदान बघून तरी सांगायची. दुसऱ्या एका गृहस्थांनी थडगी शोधून देतो म्हणून आगाऊ पैसे घेतले आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. आमच्याकडे याला मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात. आणि नात्यातल्या एका भावाने सुबक वंशावळ पाठवली, वर रंगीत कुलचिन्ह, खाली कुणाचा कापूस किती होता तेसुद्धा. तो कापूस वेचला कुणी, याचा मात्र त्यात उल्लेख नाही.

तुम्ही आलात ते एक लांब सळई आणि न्हाणीघरातला आरसा घेऊन. गावाबाहेरच्या शेतावरची ती घरची दफनभूमी आता रानच झालीय. तुम्ही देवदारासारखी दिसणारी जुनी सीडरची झाडं दाखवलीत, आणि जमिनीवर पसरलेली निळ्या फुलांची वेल. आपल्या सदाफुलीच्या भाऊबंदांतलीच ती. ही जिथे अशी माजलेली दिसेल तिथे जुनी थडगी असण्याचा संभव, म्हणालात. मग सळई टोचत चाललात. मुळाला लागली की आवाज मऊ, दगडाला लागली की टण्. वीतभर मातीखाली पहिली शिळा निघाली. माझा नवरा तारेचा ब्रश आणि ब्लीचची बाटली घेऊन पुढे सरसावला, तर त्याला तुम्ही शाळकरी पोरासारखं झापलंत. नुसतं पाणी, मऊ ब्रश. संगमरवर साखरेसारखा भुरभुरत होता, अक्षरं दिसतच नव्हती. तुम्ही आरसा तिरपा धरून बाजूने ऊन टाकलंत आणि 'सप्टेंबर १८७८' सावलीतून वर आलं. सासूबाईंनी 'ओह' म्हटलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

व्हीलचेअर त्या रानात जाणार नाही हे आम्हाला सुचलंच नव्हतं. तुम्ही पहाटेच प्लायवुडच्या फळ्या आणून वाट करून ठेवली होतीत, कुणी न सांगता. मला वाटलं वाट कुंपणाच्या लोखंडी फाटकापर्यंत, फार तर शिळांपर्यंत असेल. ती पुढे गेली होती. कुंपणाच्या मागून, उतारावरून खाली, जिथे नाव नाही, तारीख नाही असे ओबडधोबड दगड पूर्वेकडे तोंड करून रांगेत रोवलेले होते. सासूबाईंनी विचारलं, तिकडे काय आहे? तुम्ही म्हणालात, "मॅडम, त्याच घरातली माणसं आहेत." एवढंच. ना उपदेश, ना ओशाळवाणं हसू. आणि खुर्ची ढकलायला लागलात.

नंतर तुम्ही १८६० च्या गुलामांच्या गणतीतला कागद काढलात. वर पणजोबांचं पूर्ण नाव, खाली अकरा ओळी: वय, लिंग, वर्ण. नाव एकाचंही नाही. या माणसांची नावं सरकारी गणतीत यायला १८७० उजाडलं. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून तुम्ही तो कागद वाचून दाखवलात. स्त्री, वय पस्तीस. मुलगा, वय चार. अकराच्या अकरा, एकच आवाज, मघाशी शिळेवरची नावं वाचतानाचाच. यातलं कुठल्या दगडाखाली कोण, हे आता कुणीच सांगू शकणार नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत.

त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे आमच्या घराण्याची वही आहे. पाच-सहा पिढ्यांची नावं त्यात सापडतात. त्या वहीचा मला अभिमान होता, अजूनही आहे. पण आमच्या वाड्यावर राबलेल्यांची नावं कुठल्या वहीत असतील, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. आता भावाला विचारायला लावणार आहे.

पेट्रोलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. सासूबाईंनी पेकान पाय, म्हणजे अक्रोडासारख्या दाण्यांचा इथला गोड पदार्थ, करायला घेतलाय, तो मात्र घ्यावाच लागेल. त्या हट्टाला पेटल्या की घरात कुणाचं चालत नाही. त्या अकरा ओळी त्यांनी वंशावळवाल्या भावालाही पाठवल्यात, पुढच्या आवृत्तीत घाल म्हणून. त्याचं अजून उत्तर नाही.

तुमची,
मिसिसिपीतली सातारकर सून