कासवाला ‘सोपा प्राणी’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘छोट्या घरातले सोपे सोबती’ अशी चौकट वाचली. मासे, लव्हबर्ड्स आणि शेवटी कासव: जागा कमी, खर्च कमी, देखभाल नगण्य. नातू ती कापून फ्रिजवर लावायला निघाला होता, मी लावू दिली नाही. ही नगण्य देखभाल गेली 6 वर्षे आमच्या बाल्कनीत मुक्कामाला आहे.

नातवाच्या वाढदिवसाला सुनेच्या भावाने कासव आणले. मारी बिस्किटाएवढे, डोळ्यांमागे लाल पट्टा, सोबत प्लॅस्टिकचे नारळाचे झाड असलेला डबा. दुकानदाराने सांगितले होते, ‘एवढेच राहते. डबा लहान, तर कासव लहान.’ आम्ही विश्वास ठेवला. नाव ठेवले पिंट्या.

पहिले काही महिने मी त्याला रोज सुका जवळा घालत होते. कोकणातली बाई, दुसरे काय सुचणार? अंगाला ऊन मिळावे म्हणून सकाळी डबा खिडकीशी ठेवायचा, वारा लागू नये म्हणून काच सरकवून घ्यायची. चौथ्या महिन्यात पिंट्याचे डोळे सुजून मिटले, खाणे सुटले. पाठ बोटाने दाबून पाहिली, तर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली.

आमच्या पिढीला जनावरांचा दवाखाना म्हटले की परळचे बैलघोडा हॉस्पिटल आठवते, पण सुनेने कासवे तपासणारे डॉक्टर शोधून काढले. पिंट्या ही मुलगी आहे हे पुढे ती मोठी झाल्यावर त्यांनीच हसून सांगितले. वयात आलेल्या नराच्या पुढच्या पायांची नखे लांबलचक असतात. त्या दिवशी त्यांनी आधी काचेबद्दल विचारले. काचेतून ऊब आत येते, पण हाडे आणि पाठ घट्ट होण्यासाठी लागणारे अतिनील किरण काचेपाशीच अडतात. म्हणजे चार महिने मी तिला उन्हात नव्हे, नुसत्या उजेडात ठेवत होते. डोळे सुजले होते ते अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने. जवळा म्हणे खाऊ म्हणून ठीक, जेवण म्हणून नाही. लहानपणी कासव मांसाहारी जास्त, वय वाढेल तसा पाला वाढवायचा. आता ती गोळ्यांच्या खाद्याबरोबर लाल भोपळ्याचा कीस आणि पाण्यात टाकलेला पाला खाते. पाण्यातच टाकावे लागते, कारण पाण्याशिवाय तिला घास गिळता येत नाही. पाठीला कॅल्शियम मिळावे म्हणून टबात समुद्रफेसाचा तुकडा असतो. माकुलाच्या पाठीतले ते पांढरे हाड कोळणीने मला फुकट दिले आणि वर विचारले, ‘कासवासाठी? कोण खातंय ते?’

डॉक्टरांनी दिवाही आणायला लावला. बसण्याच्या दगडावर ऊब 32 अंशांच्या आसपास हवी आणि अतिनील किरणांचा दिवा वेगळा. मुंबईच्या जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा दुसरा इलाजही नाही. गंमत म्हणजे तो दिवा उजेड देत राहतो, पण आतले किरण संपतात. साधारण 6 ते 12 महिन्यांत बदलावा लागतो. हे दुकानात कोण सांगतो?

आता पाण्याचा हिशेब. पाठीच्या प्रत्येक इंचाला साधारण 40 लिटर पाणी असावे असा ढोबळ नियम आहे. आमची बाई आज 9 इंचांची आहे. आमच्याकडे पाणी सकाळी दोन तास येते, कपात असली की तेही धड नाही. साडेतीनशे लिटर कुठून आणू? शेवटी बाल्कनीत मोठा टब बसवला, फिल्टर लावला आणि कपडे वाळत घालायची दोरी आत हॉलमध्ये आली. टबाचे पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतायचे नाही, हात लावला की साबणाने धुवायचे, हे नातवाला पढवावे लागले. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात; याच कारणाने अमेरिकेत 4 इंचांहून लहान कासवे विकायला 1975 पासून बंदी आहे. आणि हे कासव मूळचे तिथलेच, मिसिसिपीच्या खोऱ्यातले.

शेजारच्या काकू म्हणतात, ‘तलावात सोडून द्या, पुण्य लागेल.’ देवळाच्या सभामंडपात दगडी कासवाला हात लावून आत जाणारी माणसे आपण, त्यामुळे हा सल्ला मनापासूनचा असतो. पण लाल पट्ट्याचे हे कासव जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत आहे. तलावात सोडले तर ते आपल्या देशी कासवांचे अन्न आणि उन्हाची जागा बळकावते. केरळ आणि आसाममध्ये ते मोकळ्या पाण्यात सापडलेही आहे.

उलट टोकाची चूकही लोक करतात. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले स्टार कासव किंवा आपल्या तळ्यातले देशी कासव घरी आणतात. आपल्या भाषेत जमिनीवरचे आणि पाण्यातले दोन्ही कासवच, पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही कासवे पाळणे गुन्हा आहे, तुरुंगात जायची वेळ येऊ शकते. तुमच्या चौकटीतले चित्र नेमके स्टार कासवाचे होते.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच आकाराची दुसरी चौकट छापा. त्यात जमले तर वयही लिहा: नीट सांभाळले तर हे कासव 20-30 वर्षे सहज जगते. मी 68 ची आहे, पिंट्या 6 ची. पुढची व्यवस्था म्हणून सुनेच्या भावाला विचारून ठेवावे म्हटले, तर हल्ली तो माझा फोन उचलत नाही.

आपली,
एक आजी, भांडुप (पूर्व)