मलेशियात भेटलेली माणसं आणि आपलं नागपूर स्टेशन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र छापून आलं, की हल्ली नागपूरच्या पोरी पाठीवर सॅक टाकून परदेशात एकट्या-दुकट्या फिरायला निघतात, ओळख ना पाळख, कोणावरही विश्वास टाकतात, आईबापांनी पॅकेज टूरशिवाय पाठवूच नये वगैरे वगैरे. वाचून मी आधी भाचीला फोन केला. ती म्हणे मावशी तूच लिही, मी लिहिलं तर म्हणतील पाहा आजकालच्या पोरी. म्हणून मी लिहून राहिली. माझी साठी उलटली आहे, गुडघे कुरकुरतात, नोकरी सरकारी होती आणि आयुष्यभर एलटीसीवर, म्हणजे सरकारी प्रवास-सवलतीवर, पाहिलं ते कन्याकुमारी नि शिमला, आणि तरी ह्या भाचीच्या नादाने सॅक घेऊन मलेशिया फिरून आली, सॅक माझी स्वतःची, सीताबर्डीवरून घेतलेली, चेन अजून शाबूत आहे.

पैशाचं आधी सांगते कारण घरी आल्याबरोबर सोसायटीत पहिला प्रश्न तोच होता. आम्ही चेन्नईला गेलो नि तिथून क्वालालंपूर. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तिथे ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, जायच्या आधी तेवढं एकदा तपासून घ्यायचं कारण असे नियम बदलत असतात. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत त्यांचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, ते सरकारी साइटवर फुकट आहे, पैसे मागणाऱ्या दुसऱ्याच साइट असतात त्यांच्या नादी लागू नका. रिंगिट, म्हणजे तिथलं चलन, वीस रुपयांच्या थोडं वर धरा. हॉस्टेलात बायकांची वेगळी डॉर्म, म्हणजे अनेकींनी मिळून राहायची खोली, मिळते, बंक बेड, पडदा, लॉकर, झालं. भाची वर, मी खाली. पॅकेज टूरवाल्यांनी जेवढे पैसे सांगितले होते ते आठवून आम्ही दोघी हसत होतो.

आता माणसांचं. क्वालालंपूरला केएल सेंट्रल म्हणून मोठं स्टेशन आहे आणि त्याला लागूनच ब्रिकफील्ड्स, तमिळ लोकांची वस्ती, फुलांचे हार, मिठाई, जोरात गाणी. पोचलो तेव्हा मध्यरात्र होत आली होती नि पोटात काही नव्हतं. तिथे मामक म्हणून हॉटेलं असतात, तमिळ मुसलमानांची, बरीचशी चोवीस तास चालू, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, फूटपाथपर्यंत आलेली टेबलं, टीव्हीवर फुटबॉल. टेबल रिकामं नसलं तर जिथे खुर्ची दिसली तिथे बसायचं, कोणी तोंड वाकडं करत नाही. आम्ही सॅका पायाशी ठेवून एका म्हाताऱ्या काकांच्या टेबलावर बसलो आणि रोटी चनाई मागवली. मैद्याचा गोळा तेलात भिजवलेला असतो, पोरगा तो हवेत फिरवून फिरवून ओढणीसारखा पातळ करतो, तव्यावर टाकतो नि मग दोन्ही हातांनी चुरगळून पदर सुटे करतो. सोबत दोन वाट्या आल्या, एक वरणाची नि एक लाल रश्शाची. आपल्याला तर्रीची सवय, माझा हात सरळ लालकडे गेला. तेवढ्यात काकांनी ती वाटी आपल्याकडे ओढली, माझ्या टिकलीकडे पाहिलं, विचारलं, "वेज?" मी हो म्हटलं. त्यांनी चमच्याने रश्शातला मासा वर काढून दाखवला, मग ओरडून पोराला काहीतरी सांगितलं नि वरणाची आणखी एक वाटी आली.

एवढ्यावर थांबले नाहीत. तिखट चटणी दिसली की आधी विचारायचं, तिला साम्बाल म्हणतात, त्यात बहुतेक वेळा सुक्या कोळंबीची पेस्ट असते, दिसत नाही पण असते, चिनी लोकांची शुद्ध शाकाहारी हॉटेलं असतात तिथे डोळे मिटून जेवा, हे सगळं त्यांनी मोडक्या इंग्रजीत नि हातवाऱ्यांनी समजावलं. खापरपणजोबांना इंग्रजांनी रबराच्या मळ्यावर आणलं होतं म्हणे, ह्यांनी स्वतः हिंदुस्थान पाहिलेलाच नाही, नागपूर म्हटल्यावर चेहरा कोरा, संत्री म्हटल्यावर हसले. नाव त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. चहा संपवला, हेल्मेट चढवलं नि स्कूटर काढून गेले. पुढे सगळ्या प्रवासात मी जे नीट जेवू शकली ते त्या काकांमुळे.

बटू केव्हजचं गुहेतलं देऊळ, ट्विन टॉवर हे सगळं केलं, त्यावर लिहित नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. देवळाच्या २७२ पायऱ्या चढताना गुडघ्यांनी शिव्या दिल्या एवढंच. पिनांग बेटावरही गेलो, आगगाडीने बटरवर्थ नि पुढे फेरी, तिथलं जॉर्जटाउन शहर फार सुंदर आहे, २००८ पासून जागतिक वारशात आहे, पण उकाडा असा की आपला मे महिना बरा, आपल्याकडे निदान घाम वाळतो तरी.

कॅमेरॉन हायलँड्सला, डोंगरात, मात्र थंडी. चहाचे मळे, १९२९ पासूनची बोह कंपनी, डोंगरच्या डोंगर हिरवे. मळा पाहायला मेन रोड सोडून आत बरंच चालावं लागतं, बस तिथे जात नाही, आणि परत निघालो तर पाऊस असा सुरू झाला की समोरचं दिसेना. छत्री एक, माणसं दोन, आणि छत्री भाचीने आधी सॅकवर धरली कारण आत तिचा कॅमेरा. एक भाजीची व्हॅन येऊन थांबली. चिनी नवराबायको, पुढे ती दोघं नि मागे कोबीचे क्रेट. बाईने उतरून, भिजत, दोन क्रेट एकावर एक रचले नि आमच्यासाठी जागा केली. मला सांगा, ज्या पत्रात लिहिलंय की अनोळखी गाडीत बसू नये, त्यांचं म्हणणं काही चूक नाही, मीही भाचीला हेच सांगत आली आहे. पण बाई सोबत आहे, दिवसाउजेडी आहे, आपण दोघी आहोत, गाडीचा नंबर भाचीने फोटो काढून घरी पाठवला, एवढं पाहून आम्ही चढलो. त्यांना इंग्रजी नाही, आम्हाला चिनी नाही. ताना राता गावात, जिथे आमचं हॉस्टेल होतं, तिथे सोडलं, पैसे काढले तर बाईने माझा हात धरून पर्समध्ये परत घातला नि वर एक कोबी दिला. हॉस्टेलच्या किचनमध्ये तो कोबी मी मोहरी-हळदीची फोडणी देऊन केला (मसाल्याची पुडी सोबत नेली होती, नागपूरची बाई कुठेही गेली तरी नेतेच), एक जर्मन पोरगा दोनदा वाढून घेऊन गेला.

पण खरी मजा आली ती पूर्वेकडच्या गाडीत. कुआला लिपीस गावाहून केलांतान राज्याकडे जाणारी लोकल, जंगलातून जाते म्हणून सगळे तिला जंगल रेल्वेच म्हणतात. चुनखडीचे सरळसोट डोंगर, मध्येच नदी, मध्येच एकच खोलीचं स्टेशन. मला आपल्या नागपूर-नागभीडच्या छोट्या गाडीची आठवण येत होती, तशीच डबाभर माणसं, पिशव्या, पोरं. समोर एक मलय आजी होत्या, डोक्याला फुलाफुलाचा रुमाल, मांडीवर रामबुतानची पिशवी. ते फळ केसाळ असतं, आत लिचीसारखा गर. आजींनी आधी बोटांनी सोलून एक मला दिलं, मग भाचीला, मग शेजारच्या अनोळखी पोराला, मग टरफलं टाकायला आपलीच पिशवी पुढे केली. फोनवर भाषांतर करून करून गप्पा झाल्या, मुलं किती, सून कशी, गुडघे दुखतात का. गुडघ्यांसाठी मात्र फोनची गरजच पडली नाही, त्यांनी आपला दाबून दाखवला नि मी माझा. वाकाफ भारू स्टेशनला उतरताना त्यांच्या नातवाने आमच्या सॅका खाली काढल्या, आणि कोटा भारूला जायची बस कुठून मिळेल ते बोट दाखवून न सांगता चालत नेऊन दाखवलं.

कोटा भारू ही केलांतानची राजधानी, तिथे एक बाजार आहे, पासार सिती खदिजा, पैगंबरांच्या पत्नीच्या नावाने, त्या स्वतः व्यापार करायच्या. आणि बाजारात जिकडे पाहावं तिकडे विकणाऱ्या बायकाच. भाज्यांच्या ढिगांच्या मधोमध बसलेल्या, गल्ला मांडीखाली, आवाज आपल्या कॉटन मार्केटला लाजवेल असा. तिथे निळा भात मिळतो, नासी केराबू. निळा रंग कशाचा तर आपल्या कुंपणावरच्या गोकर्णाच्या फुलांचा! मी ते फूल फक्त देवाला वाहिलेलं. एका विक्रेत्या बाईने माझं वय पाहून आपलं स्टूल मला दिलं नि स्वतः पोत्यावर बसली. मासा नको म्हटल्यावर नुसता भात, खोबरं, चिरलेला पाला असं कालवून दिलं. शुक्रवारी तिथे सुटी असते नि बरंच काही बंद असतं, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा.

आता सगळंच गोडगोड लिहिलं तर कोणाला पटणार नाही, आणि ते खरंही नाही. परतीला क्वालालंपूरला हॉस्टेलच्या गल्लीत एक नेपाळी वॉचमन होता, हिंदी बोलायचा, आम्हाला रोज रस्ता क्रॉस करून द्यायचा. त्याला मी म्हटलं की इथले लोक फार चांगले आहेत. तो म्हणाला, "दीदी, आप घूमने आये हो ना, इसलिए." त्याचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतलेला होता, कित्येक वर्षं घरी गेला नव्हता. हे मी विसरत नाही. पाहुण्याला स्टूल मिळतं, कामाला आलेल्याला मिळेलच असं नाही, आणि ह्यात आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही, आपल्या बिल्डिंगांचे वॉचमन कुठे जेवतात ते पाहिलंय का कोणी?

तरी त्या वाचकांना माझं सांगणं हे आहे की तिथली माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात तेव्हा आपलंच नागपूर रस्त्यारस्त्यावर जेवणाचे स्टॉल लावतं, पाणी देतं, कोण कुठला विचारत नाही, मी स्वतः तिथे पोळ्या लाटल्या आहेत. हे आपल्याला येतं. पण बाकी वर्षभर अनोळखी माणसाला आपल्या शेजारी बसायला जागा कुठे आहे? मामकमध्ये ते काका भेटले कारण रात्री बारा वाजता उजेड होता, चहा होता नि त्यांच्या टेबलाला एक खुर्ची मोकळी होती. आपल्याकडे रात्री टपरीवर दोन माणसं जास्त थांबली की पोलिसांची गाडी येते, चला बंद करा, चला निघा. बाईने तर थांबायचंच नाही.

मागच्या थंडीत मी सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरून येत होती तर एक परदेशी जोडपं, विशीतलं, सॅका घेऊन उभं. ताडोब्याला जायचं होतं, सकाळची गाडी ठरलेली, फक्त रात्र काढायची. दोन लॉजवाल्यांनी नाही म्हटलं होतं. का, तर परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत ऑनलाइन माहिती भरावी लागते नि ती कटकट कोण करेल. अरे, एका फॉर्मसाठी! मी ऑटोवाल्याशी बोलून त्यांना एका मोठ्या हॉटेलात सोडलं, तिथे जे भाडं लागलं त्यात आम्ही दोघी मलेशियात आठवडाभर राहिलो असतो. पेंच, ताडोबा, दीक्षाभूमी, कामठीचं ड्रॅगन पॅलेस, ह्या सगळ्यांसाठी माणूस नागपूरला उतरतो नि आपण त्याला पहिली रात्रच महाग नि अवघड करून ठेवतो, आणि मग म्हणतो टुरिझम वाढत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. स्टेशनजवळ महापालिकेने किंवा कोणीही एक स्वच्छ डॉर्मिटरी काढावी, बायकांची खोली वेगळी, लॉकर, आणि काउंटरवर असा एक माणूस जो परदेशी पासपोर्ट पाहून घाबरत नाही. लॉजवाल्यांना तो फॉर्म भरायला एकदा शिकवून टाकावं, अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि स्टेशनसमोरच्या चार टपऱ्या रात्रभर चालू राहू द्याव्या, लाइट लावून, बाकडी टाकून, पोलिसही तिथेच चहा पितील.

त्या पत्र लिहिणाऱ्या काकांना खरंच पोरीची काळजी वाटत असेल तर त्यांनी तिच्यासोबत स्वतः जावं, मी रस्ता लिहून देते. फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूर्व किनाऱ्याकडे जाऊ नका, मान्सून असतो नि बेटांवरची बहुतेक हॉटेलं बंद असतात. तिथले प्लग तीन चौकोनी पिनांचे असतात, माझा अ‍ॅडॉप्टर रिकामाच पडला आहे, हवा असेल तर तुमच्या ऑफिसात आणून ठेवीन.

आपली,
एक जुनी वाचक,
मानेवाडा रोड, नागपूर