काळं ऑइल म्हणजे खराब ऑइल नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये आजही डिपस्टिक काढायची, इंजिनचं ऑइल दोन बोटांत चोळायचं, वास घ्यायचा आणि मिस्त्री म्हणाला 'काळं झालं भाऊ, बदलून टाका' की बदलायचं, असंच चालतं. अहो पण डिझेल इंजिनात नवं ऑइल थोडं चाललं की काजळीनं काळं होणारच, त्यावरून त्यात किती दम उरला ते कळत नाही. मग एक तर चांगलं ऑइल काढून फेकलं जातं, नाहीतर आत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, उतरलेलं असतं आणि गाडी तशीच अमरावती रोडला पळत राहते, बेअरिंग गेल्यावर समजतं.

ह्यावर इन्फ्रारेड टेस्ट आहे, एफटीआयआर म्हणतात. थेंबभर ऑइलमधून इन्फ्रारेड किरण सोडायचे, कोणत्या लहरी किती शोषल्या गेल्या त्याचा ग्राफ येतो. ऑक्सिडेशन, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजननं ऑइल खराब झालं असेल तर १७१० वेव्हनंबरच्या (ग्राफवर लहर ओळखायचा आकडा) आसपास उंचवटा, नायट्रेशन, म्हणजे जळालेल्या वायूतल्या नायट्रोजन ऑक्साइडनं झालेली खराबी, १६३० ला, पाणी ३४०० कडे, आणि काजळी वाढली की अख्खी रेघच वर सरकते. झिजेपासून वाचवणारं झिंकचं अॅडिटिव्ह (ऑइलमध्ये मिसळलेलं रसायन) किती उरलं तेही दिसतं, आणि हे सगळं काही मिनिटांत.

मात्र सोबत त्याच ऑइलचं न वापरलेलं सॅम्पल द्यावंच लागतं, कारण प्रत्येक ब्रँडचे अॅडिटिव्ह वेगळे, एस्टरवाल्या सिंथेटिक ऑइलमध्ये तर ऑक्सिडेशनच्या जागी नव्यातच उंचवटा असतो. धातूचा चुरा ह्यात दिसत नाही, त्याची टेस्ट वेगळी. आणि सॅम्पल इंजिन नुकतंच बंद केल्यावर, ऑइल गरम असताना घ्यायचं, ऑइल चेंबरच्या तळाचा नट उघडल्यावर पहिली धार बाटलीत धरायची नाही, तळाचा गाळ त्यात येतो.

मोठ्या फ्लीटवाल्यांचं ऑइल लॅबला जातंच, पण एक-दोन गाड्यांवर घर चालवणाऱ्यानं कुठं जायचं? नागपुरात केमिकल इंजिनिअरिंग शिकवणारी एलआयटी १९४२ पासून आहे, व्हीएनआयटीसारखं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. अशा संस्थांनी आठवड्यातून एक दिवस परवडणाऱ्या फीमध्ये छोट्या गाडीमालकांचे सॅम्पल तपासून द्यावेत, विद्यार्थ्यांनाही रस्त्यावरचं खरं ऑइल हाताळायला मिळेल. वाडी, हिंगणा, बुटीबोरीचे सॅम्पल गोळा करून आणून द्यायला आम्ही तयार आहोत, फक्त वार आणि दर कळवा.

– एक गाडीमालक, वाडी, नागपूर