चाळीस बटणे आणि अम्मींचा मेहेर

आदरणीय चाचा,

अस्सलामु अलैकुम.

अब्बांच्या मागे आमच्या घरची देणी आणि वाटणी तुम्ही मार्गी लावलीत, त्याबद्दलचे हे आभाराचे पत्र सर्वांसाठी उघडे ठेवले असले, तरी त्यात तुमचे नाव नाही. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही हदीस, म्हणजे पैगंबरांची (स.) शिकवण, ऐकवून तुम्ही नाव छापण्यास साफ नकार दिलात. मंगळ बाजारापासून मांडवीपर्यंतचे दुकानदार हे वाचतील तेव्हा ते तुम्हाला ओळखतीलच, त्याला मात्र माझा इलाज नाही.

अब्बांचे दुकान बटणे, चेन, अस्तर आणि दोऱ्याच्या रिळांचे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्यात शिरले तेव्हा गोदामातल्या मालाबरोबर उधारीची चोपडीही भिजली, आणि त्याच हिवाळ्यात अब्बा गेले. कोणाचे किती देणे आहे हे केवळ त्यांनाच ठाऊक होते. जनाजाची नमाज उभी राहण्याआधी तुम्ही पुढे होऊन आम्हा दोघा भावांना घोषणा करायला लावलीत, की मरहूमांकडे ज्याचे काही येणे असेल त्याने आमच्याकडे यावे. त्या क्षणी मला ते रुचले नव्हते, हे आज कबूल करतो. चारचौघांत वडिलांच्या कर्जाची वाच्यता कशाला, असे वाटले होते. नंतर तुम्ही सांगितलेत की खुद्द पैगंबर (स.) जनाजा समोर आला की मयतावर कर्ज आहे का हे विचारत, फेडीची सोय नसेल तर नमाज पढण्यास सहकाऱ्यांना सांगत आणि स्वतः बाजूला राहत. एकदा अबू कतादा यांनी ‘ते कर्ज माझ्यावर’ असे म्हटले, तेव्हाच त्यांनी नमाज पढवली. पुढे हाती साधन आल्यावर अशी कर्जे त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतली, हेही तुम्ही आवर्जून जोडलेत.

घोषणेनंतर पाच जण आले. चौघांचे मागणे सरळ होते. पाचव्याकडे ना चिठ्ठी ना साक्षीदार, आणि मला आजही त्याचा भरवसा वाटत नाही. धाकट्याने मात्र आपल्या खिशातून त्याला पैसे दिले आणि तुम्ही त्यावर काहीच बोलला नाहीत. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, देणेघेणे लिहून ठेवण्याविषयी आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती आयत दुकानदारासाठी उतरली आहे, हे त्या दिवशी समजले.

परंतु ज्यासाठी हे पत्र लिहावेसे वाटले, ती गोष्ट वेगळीच आहे. दफन होऊन चार दिवस झाले असतील. तर्क्याचा, म्हणजे अब्बांच्या मागे उरलेल्या मालमत्तेचा, हिशेब मांडताना तुम्ही कफन-दफनाचा खर्च लिहिलात, कर्जे लिहिलीत आणि मग लेखणी थांबवून विचारलेत, ‘भाभींचा मेहेर अदा झाला होता का?’ आम्ही एकमेकांकडे पाहिले. निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायचे हे धन निकाहनाम्यात पाच हजार रुपये लिहिलेले होते आणि इतक्या वर्षांत ते कोणी दिलेही नव्हते, मागितलेही नव्हते. पडद्याआडून अम्मी म्हणाल्या, ‘मी मय्यतीपाशीच माफ केला.’ खरेच, घरातल्या बायकांनी त्यांना तसे म्हणायला लावले होते. आपल्याकडे ती रीतच पडून गेली आहे. तुम्ही आवाज न चढवता सूरह निसाची चौथी आयत सांगितलीत, की स्त्रियांना त्यांचा मेहेर खुशीने द्या, आणि त्यांनी आपल्या मनाने त्यातले काही सोडले तरच ते घ्या. नवऱ्याच्या मय्यतीशेजारी बसलेल्या बाईकडून वदवून घेतलेल्या शब्दाला मनाची खुशी म्हणता येईल का, असे तुम्ही आम्हाला विचारलेत. उत्तर कोणाकडेच नव्हते. ही रक्कम वारसाहक्काचा भाग नसून अब्बांवरचे कर्ज आहे, म्हणून ती वाटणीच्या आधी निघेल. त्याहून अधिक द्यायचे असेल तर ते मुलांनी आपल्या खुशीने द्यावे, असे तुम्ही स्पष्ट केलेत. अम्मींनी ते पैसे घेतले, दोनदा मोजले आणि आपल्या कपाटात ठेवले. त्यांचे पुढे काय केले, हे आम्ही विचारलेले नाही.

मग तुम्ही दुकानातून बटणांचा डबा मागवून सतरंजीवर चाळीस बटणे मांडलीत. विधवेचा आठवा हिस्सा म्हणून पाच बटणे अम्मींकडे सरकवलीत. उरलेल्या पस्तिसांतून आम्हा दोघा भावांना चौदा-चौदा आणि बहिणीला सात. बहिणीसाठी हक्कसोडपत्र आम्ही आधीच टंकून आणले होते, आणि ती सुरतेहून सही करायलाच आली होती. तुम्ही तो कागद घडी घालून बाजूला ठेवलात आणि म्हणालात, ‘आधी तिचे तिच्या हातात पडू दे, मग तिला वाटले तर ती देईल.’ तिने दिले नाही. मला त्याचा थोडा राग आला होता, आणि त्या रागाचीच मला आता लाज वाटते.

सूरह तकासुरमध्ये म्हटले आहे, की अधिकाच्या हव्यासाने तुम्हाला गुंतवून ठेवले, ते थेट कबरी गाठेपर्यंत. अब्बा हव्यासी नव्हते. जकातीचे, म्हणजे बंधनकारक दानाचे, हजारी पंचवीस ते दर रमजानला काढत आणि कोणाला दारातून रिकामे पाठवत नसत. त्यांना नडले ते एवढेच, की ‘उद्या लिहीन.’ ज्याच्याकडे वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, करण्यासारखे काही आहे त्याने ती लिहिल्याशिवाय दोन रात्रीही काढू नयेत, ही हदीस तुम्ही नंतर मला वाचायला दिलीत. त्याच बैठकीत साद इब्न अबी वक्कास यांची हकिकतही सांगितलीत: ते सारी संपत्ती दान करायला निघाले असता पैगंबरांनी (स.) त्यांना तिसऱ्या हिश्श्यावर थांबवले आणि तिसरा हिस्साही पुष्कळ आहे असे सांगितले, कारण वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना खाऊनपिऊन सुखी सोडून जाणे चांगले. आखिरतीची, म्हणजे मरणानंतरच्या जीवनाची, तयारी म्हणजे संसारातून हात काढून घेणे, अशी माझी समजूत होती. तुम्ही तर मला उलट चोपड्यांत अधिक खोलवर नेऊन बसवलेत.

चाचा, तुम्ही आमच्याकडून चहाशिवाय काही घेतले नाही आणि तुमच्या सहा संध्याकाळी आमच्या घरी गेल्या, त्याबद्दल मी, माझा भाऊ, बहीण आणि अम्मी तुमचे मनापासून ऋणी आहोत. अल्लाह तुम्हाला याचा मोबदला देवो.

माझी स्वतःची यादी आता लिहून झाली आहे. तीन देणी निघाली. त्यांपैकी दोन फेडली. तिसरे माझ्या पत्नीच्या मेहेराचे आहे. त्याचे अर्धे पैसे जमले आहेत, उरलेले ईदेपूर्वी तिच्या हातात देईन, आणि तिने ‘राहू द्या’ म्हटले तरी देईन. वसीयतीवर दुसऱ्या साक्षीदाराची सही राहिली आहे. येत्या शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर कागद घेऊन येतो. तुमचा चष्मा तेवढा जवळ ठेवा.

तुमचा,
बटणवाल्यांचा थोरला