चिंगीचा भादवा

आर्वी तालुका, जि. वर्धा
ऋषिपंचमी

प्रिय शालू,

काल फोनवर मी नीट बोलले नाही, राग मानू नको. समोर मामाजी अन् त्यांचे दोन पाहुणे चहा पीत बसले होते. तू तिकडून विचारत होतीस, "चिंगीले रक्त जाऊन रायलं वं, काही लागलं असन का तिले?" आणि मी इकडून "हो हो, पाऊस बरा आहे" म्हणत होते. म्हणून आज कागदच घेतला. लिहून झालं की फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकते. पोस्टाने पाठवलं तर पत्र पोचेपर्यंत पोरीचा भादवा उरकून जायचा.

तुझ्या कुत्रीला काही लागलेलं नाही. ती माजावर आली आहे. कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी जन्मली, म्हणजे दहा महिन्यांची झाली, आणि पहिल्या माजाचं हेच वय. त्यात महिना भादव्याचा. गावातल्या मोकळ्या कुत्र्या बहुतेक याच दिवसांत माजावर येतात आणि थंडीत पिल्लं देतात, हे आपण लहानपणापासून बघतो. घरी बांधून खाणारीला मात्र महिन्याचं बंधन नसतं. तिचं सहा-सात महिन्यांनी पुन्हा येणार, होळीच्या मागेपुढे तयार राहा.

आता पहिलं काम. दुधाचा हिशेब लिहितेस त्या कॅलेंडरवर तान्ह्या पोळ्याच्या चौकोनात 1 लिही. रक्त त्या दिवशी दिसलं म्हणालीस ना? मग आज पाचवा दिवस. रोज आकडा लिहीत जा. मी मागच्या वर्षी लिहिला नाही, आणि त्याचीच फळं तुझ्या अंगणात खेळत आहेत.

चिंगीच्या आईचं, आमच्या काळीचं, कसं झालं ते मी तुला कधी खरं सांगितलं नाही. "कुठून तरी राहिली" एवढंच म्हटलं होतं. खरं असं, की पोळ्याच्या दोन दिवस आधी तिचं रक्त सुरू झालं. मी तिला कोठ्याच्या बाजूच्या खोलीत ठेवलं. गावातले कुत्रे फाटकाशी येऊन बसायचे, रात्रभर कण्हायचे. पण गंमत अशी, की त्या दिवसांत काळी त्यांना जवळ फिरकू देत नव्हती. एक पांढरा फाटकाखालून आत घुसला, तर त्याच्या कानाला चावून त्याला हाकलला तिने. मला वाटलं, आपली कुत्री लय संस्कारी. दहाव्या दिवशी रक्त फिकं पडलं, मांस धुतलेल्या पाण्यासारखं. अकराव्या दिवशी जवळपास दिसेना. त्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण. सासूबाई सकाळपासून म्हणत होत्या, "सोवळ्याचं काम हाय, ते कुत्री मांघं नोको ठेवू, बाहेर काढ." मी म्हटलं, रक्त थांबलं, म्हणजे झालं तिचं. सोडलं.

तिथेच चुकलं, शालू. आपण आपल्यावरून मोजतो. बाईचं रक्त जातं ते त्या महिन्याचं सगळं संपल्यावर. कुत्रीचं रक्त जातं ते सुरुवातीला, आतली तयारी चाललेली असताना. रक्त लाल आणि भरपूर असतं तेव्हा ती कुत्र्यांना हाकलते. ते फिकं पडलं, खालची सूज मऊ झाली, पाठीवर हात ठेवला की शेपटी बाजूला धरून उभी राहायला लागली, की समज आता खरे दिवस आले. साधारण नवव्या-दहाव्या दिवसापासून पुढचा आठवडा-दीड आठवडा. काहींचं लवकर, काहींचं उशिरा. काही कुत्र्या स्वतःला इतक्या चाटून ठेवतात की रक्त दिसतच नाही, आणि काहींचं शेवटपर्यंत जातं. म्हणून रक्तावर नाही, कॅलेंडरवर विश्वास ठेव. एकवीस दिवस धर आणि वर आणखी एक आठवडा.

काळी मला संध्याकाळी पांदणीत सापडली. अडकलेली. भोवती शाळेची पोट्टी दगड मारत होती आणि एक म्हातारा बादलीभर पाणी घेऊन आला होता. मीही आधी ओढायलाच धावले. नशीब, आमच्या गुराच्या डॉक्टरांचा कंपाउंडर तिकडून चालला होता. तो ओरडला, "ओढू नका बाई, दोघंही फाटतीन!" नराचा तो भाग आत फुगतो, म्हणून दहा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास सुटत नाही. तोपर्यंत शांत उभं राहायचं, पोट्ट्यांना हाकलायचं, एवढंच आपल्या हातात. त्या वीस मिनिटांत गावातल्या निम्म्या लोकांनी मला तिथे उभं पाहिलं. रात्री ती फाटकाखालची फट उकरून पुन्हा गेली. पिल्लं झाली सहा. दोन पांढरी, त्या फाटक्या कानाच्या पांढऱ्यावर गेलेली, आणि बाकीची कुण्या भलत्याच लाल कुत्र्यावर. एका वेतात दोन बाप असू शकतात, हे मला तेव्हा कळलं. एक पिल्लू थंडीत चौथ्या दिवशी गेलं. एक संक्रांतीच्या आधी रस्त्यावर ट्रॅक्टरखाली. एक धनगराने नेलं, एक आमच्याकडे, आणि चिंगी अन् बाज्या तुझ्याकडे.

बाज्यावरून आठवलं. तू फोनवर म्हणालीस, "बरं हाय, भाऊ सोबत हाय, बाहेरच्या कुत्र्याले येऊ देनार नाही." अगं, बाहेरच्यांना येऊ देणार नाही, कारण तो स्वतःच आहे! कुत्र्याला बहीण-भाऊ कळत नाही. दहा महिन्यांचा नर पुरेसा मोठा झालेला असतो. घाईघाईने त्याचं ऑपरेशन करून उपयोग नाही, त्यानंतरही काही आठवडे त्याच्यात बीज राहतं. मधे एक दार असून भागणार नाही, तो दार खाईल. माझा भाऊ रविवारी यवतमाळला येतो आहे, गाडी घेऊन. भाऊजींना सांग, बाज्याला तिथपर्यंत पोचवून द्या. महिनाभर तो आमच्याकडे राहील, आईला भेटेल. काळीचं ऑपरेशन झालं आहे, काळजी नाही.

फिरवण्याचं विचारलंस. आपल्याकडे कुत्र्याला फिरवतो कोण? दार उघडलं की तो स्वतःच गाव फिरून येतो. पट्टा घातलेली कुत्री घेऊन बाई निघाली की पानठेल्यावरच्या सगळ्या माना वळतात. मी काळीला नेत होते तेव्हा मागे सात कुत्रे आणि पानठेल्यावर सात माणसं. कुत्र्यांचं मला काही वाटलं नाही. तरी न्यावं तर लागतंच. बांधून ठेवलेलं जनावर दिवसभर कण्हतं, अन्न सोडतं. बघ, मी असं करत गेले.

वेळ दुपारी एक-दोनची. कुत्रे सावलीत निजलेले असतात, माणसंही. भादव्याचं ऊन चटका देतं, म्हणून दहा-पंधरा मिनिटं पुरे. पहाटे अंधारात नेऊ नको, तू टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूची, वाघ-बिबट्याचा मुलूख, आणि बिबट्याला कुत्र्याइतकं सोपं काही नाही. जागलीवर तर भाऊजींनी तिला अजिबात नेऊ नये. डुकरं राखायला गेले आणि गावचे दहा कुत्रे सोयाबीन तुडवून गेले, असं होईल.

दारातून चालत नेऊ नको. ती जिथे-जिथे मुतते तिथे वास राहतो आणि तो वास धरून कुत्रे थेट तुझ्या उंबऱ्यापर्यंत येतात. स्कूटीवर पाय ठेवायच्या जागी बसव, किलोमीटरभर दूर धुऱ्यावर ने, तिथे चालव, परत स्कूटीवर घाल. घरी परसात जिथे बसते तिथे लगेच बादलीभर पाणी. मोकळं सोडायचं नाही, कितीही शहाणी असली तरी. एरवी हाकेला येणारी कुत्री या दिवसांत तुला ओळखतसुद्धा नाही.

हातात काठीपेक्षा काळी मोठी छत्री घे. पावसाचे दिवस, कुणी विचारणारही नाही. कुत्रा अंगावर आला की त्याच्या तोंडासमोर फटकन उघडायची. मी दोनदा उघडली, दोन्हीदा तो दहा पावलं मागे. कुत्र्यांची आपसात जुंपली तर मधे हात घालू नको. चावलंच कुणी तर तिखट-चुना लावत बसू नको. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, आणि मग प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजचं इंजेक्शन. चिंगीचं इंजेक्शन झालं आहे ना? मी तिसऱ्या महिन्यात द्यायला सांगितलं होतं.

फरशीवर डाग पडतात म्हणालीस. जुन्या सुती लुगड्याचं फडकं घे, शेपटीसाठी त्याला भोक पाड, लहान पोराच्या लंगोटासारखं बांध. दिवसातून तीन-चारदा बदल, बाहेर नेताना काढ. पण तो लंगोट घराची सतरंजी वाचवतो, तिला नाही वाचवत. फिनेल, रॉकेल, कापूर तिच्या अंगाला चोळू नको, कुणी कितीही सांगितलं तरी. वास दबत नाही, कातडी भाजते, आणि ती चाटते ते पोटात जातं. "माज बसवायचं" इंजेक्शन म्हणून कुणी सुई घेऊन आला तर त्यालाही परत पाठव. त्या हार्मोनने पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. आणि चुकून सुटलीच, तर लपवू नको माझ्यासारखं. दोन-तीन दिवसांत डॉक्टरकडे ने, तारीख सांग.

आता सगळ्यात अवघड. मोजून बघ, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी चिंगीचा आठवा-नववा दिवस येतो. घरात पन्नास माणसं, फाटक सताड उघडं, पोरं आत-बाहेर. आणि तुझ्या सासूबाईही म्हणतीलच, विटाळाची कुत्री बाहेर काढा. काढू नको. आतल्या कोठीला कुलूप घाल आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लाव. जेवण कोठीतच दे. बाहेर साखळीनेही बांधू नको, बांधलेली तर पळूही शकत नाही.

हे लिहिताना आज सकाळचं आठवतं. सासूबाई आघाड्याच्या काडीने दात घासून, न्हाऊन कहाणी सांगत होत्या. तीच, विटाळ पाळला नाही म्हणून बाई पुढच्या जन्मी कुत्री झाली ती. लहानपणी मी भीतीने ऐकायचे. आज ऐकताना मधलंच डोक्यात बसलं. खिरीत सापाने गरळ टाकलं ते त्या कुत्रीने पाहिलं, माणसं मरू नयेत म्हणून खिरीला तोंड लावून ती बाटवली, घर वाचवलं, आणि सुनेने तिलाच बडवलं. काळी दाराबाहेर पडून ऐकत होती. सासूबाईंनी कहाणी संपवून तिच्यापुढे भाकर टाकली. काही बोलल्या नाहीत.

महिना-दोन महिन्यांनी, दिवाळीच्या मागेपुढे, लक्ष ठेव. ती फार पाणी प्यायला लागली, सारखी मुतायला लागली, मलूल झाली, उलटी करू लागली, खालून घाण जाऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर. घाण बाहेर दिसलीच नाही आणि नुसतं पोट फुगलं, तर आणखी वाईट. आमच्या काकाजींची जुनी कुत्री अशीच गेली, सगळे म्हणाले कुणी तरी विष घातलं. उलट, ती तुझी चप्पल पोटाशी धरून बसली, आचळात दूध आलं, तर घाबरू नको. पोटात काही नसताना असं होतं, आपोआप जातं. फक्त दूध पिळू नको.

ऑपरेशन आत्ता लगेच नको, या दिवसांत आतल्या नसा रक्ताने भरलेल्या असतात. माज संपल्यावर दोन-तीन महिने थांब. म्हणजे मार्गशीर्ष येतो, कापूस वेचणीची धामधूम, ते मला माहीत आहे. तरी एक दिवस काढ. काळीला मी नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं होतं. तुला हायवेने नागपूर सरळ आहे. तारीख ठरव, मी आर्वीहून येते, दोघी बसू बाहेरच्या बाकावर. लग्नानंतर आपण दोघी असं कुठे बसलोच नाही.

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझीच,
बेबी

ता. क. घरात बांधायची वेळ आली तरी कासऱ्याने बांधू नको, एका रात्रीत चावून तोडते. साखळी घे, आणि गळपट्ट्यात तुझी दोन बोटं जातील एवढाच सैल ठेव. काळी मागच्या पायाने पट्टा काढायला शिकली होती. चिंगी तिचीच लेक.